सोनाटा फॉर्म कानाने ओळखायचा कसा : मोझार्टच्या ४०व्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट

सोनाटा फॉर्म म्हणजे आधी दोन थीम, मग त्यांची मोडतोड, मग पुन्हा त्याच दोन थीम, अशी व्याख्या सगळीकडे वाचायला मिळते. ती चूक नाही. पण तिच्या भरवशावर ऐकायला बसलं की दोन मिनिटांत वाट चुकते, कारण चाली दोनपेक्षा जास्त ऐकू येतात आणि त्यातली ‘दुसरी’ कुठली ते कळत नाही. या रचनेचा कणा षड्ज आहे, चाली त्याभोवती येतात. सा कुठे बसलाय, कधी हलला, किती लांब गेला आणि परत कसा आणला, एवढं पकडलं की बाकीचं जागेवर बसतं. ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झालाय त्यांना सा धरायची सवय असतेच. इथे तो हलतो, आणि मुद्दाम हलवला जातो, एवढंच नवीन.

उदाहरणाला मोझार्टची जी मायनरमधली ४०वी सिंफनी घेऊ, कोखेल क्रमांक (मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) ५५०. ती त्याने २५ जुलै १७८८ रोजी व्हिएन्नात पुरी केली. ३९वी महिनाभर आधी, २६ जूनला झाली होती आणि ४१वी पुढच्या १० ऑगस्टला. तिन्ही मिळून साधारण सहा-सात आठवडे! नवशिक्याला तिची पहिली मूव्हमेंट, म्हणजे चार खंडांपैकी पहिला खंड, सोयीची आहे, कारण तिच्या सीमारेषा स्वच्छ आहेत आणि पहिली चाल बहुतेकांच्या कानावरून आधीच गेलेली असते. सलील चौधरींनी ‘छाया’ (१९६१) मधलं ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ याच चालीवरून केलं. ही ओळख कामाची आहे, पण तिचा एक तोटाही आहे. गाण्याची सवय असलेला कान मुखड्यासारखी ती चाल परत यायची वाट बघत बसतो, आणि मधल्या दोन-अडीच मिनिटांत जे घडतं ते निसटून जातं.

बसण्याआधी काय जवळ हवं

रेकॉर्डिंग, हेडफोन आणि हार्मोनियम किंवा फोनवरचं कीबोर्डचं अॅप. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं छापील नोटेशन, असला तर उत्तम. आयएमएसएलपी या स्कोअरच्या वेबसाइटवर तो मोफत मिळतो, आणि साल्झबर्गच्या मोझार्टेउम फाउंडेशनने मोझार्टच्या रचनांची संशोधित आवृत्तीही ऑनलाइन खुली ठेवली आहे. नोटेशन वाचता येत नसलं तरी बारचे (ठोक्यांच्या ठरावीक गटांचे) आकडे आणि कुठल्या ओळीत काळे ठिपके दाट झालेत एवढं बघता आलं तरी पुरे.

रेकॉर्डिंग निवडताना तीन गोष्टी तपासा.

पहिली, पुनरावृत्ती. मूव्हमेंटचा पहिला भाग, म्हणजे १०० बार, दोनदा वाजवायचा असं मोझार्टने लिहून ठेवलंय. काही कंडक्टर ते पाळत नाहीत. दोन मिनिटांच्या सुमारास सुरुवातीची चाल जशीच्या तशी परत आली तर पुनरावृत्ती आहे. नवशिक्याने अशीच प्रत घ्यावी, कारण तोच भाग लगेच दुसऱ्यांदा ऐकायला मिळणं म्हणजे फुकटचा रियाज.

दुसरी, पट्टी. अठराव्या शतकातल्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे वाद्यवृंद बऱ्याचदा ‘ए’ हा स्वर ४४० ऐवजी ४३० हर्ट्झला लावतात. मग सगळंच पाव स्वरापेक्षा थोडं कमी उतरतं आणि हार्मोनियमशी काहीच जुळत नाही. लोक आपल्याच कानावर शंका घेऊ लागतात. पहिल्या वेळी आधुनिक वाद्यांची प्रत घ्या.

तिसरी, क्लॅरिनेट. मोझार्टने मूळ रचनेत क्लॅरिनेट ठेवले नव्हते. ते नंतर घातले आणि ओबोचे भाग त्यानुसार बदलले. दोन्ही रूपं वाजवली जातात. वुडविंडमध्ये, म्हणजे फ्लूट-ओबोसारख्या फुंकवाद्यांत, गोल, मऊ आवाज ऐकू आला नाही तर तुमच्याकडे पहिलं रूप आहे असं समजा.

वाद्यवृंद आणि काळाची खूण

हा वाद्यवृंद लहान आहे: तंतुवाद्यं, एक फ्लूट, दोन ओबो, दोन बासून, दोन हॉर्न, आणि दुसऱ्या रूपात दोन क्लॅरिनेट. ट्रम्पेट नाहीत, टिंपनी (नगारे) ही नाहीत. त्यामुळे इथला मोठा आवाजसुद्धा दणदणीत वाटत नाही, टोकदार वाटतो. हॉर्नची गंमत बघण्यासारखी आहे. त्या काळच्या हॉर्नला व्हॉल्व्ह नसत, नळीच्या नैसर्गिक स्वरमालेतले मोजकेच सूर निघत. मायनरमध्ये ही अडचण जास्त जाणवते. म्हणून मोझार्टने दोन हॉर्न दोन वेगळ्या पट्ट्यांत घेतले, एक ‘जी’मध्ये आणि एक ‘बी फ्लॅट’मध्ये. दोघांचे मिळून जास्त सूर हाती येतात. ‘जी’ आणि ‘बी फ्लॅट’ याच या मूव्हमेंटमधल्या दोन मुख्य षड्जांच्या जागा आहेत, हेही लक्षात ठेवा.

त्या काळाच्या बाकीच्या खुणा थोडक्यात अशा. एक चाल वर आणि तिला खालून साथ, असा पोत. चार-चार बारांची वाक्यं. हळू आणि मोठा आवाज यांत फारसा चढ-उतार न करता एकदम बदल. आणि वाक्याच्या शेवटी ठरावीक विसावा, ज्याला कॅडन्स म्हणतात. विसावे दोन प्रकारचे असतात: पंचमावर थांबलं तर वाक्य अधुरं राहतं, षड्जावर थांबलं तर पुरं होतं. हा फरक ओळखता आला तर निम्मं काम झालं.

वेळापत्रक

मूव्हमेंट २९९ बारांची आहे, प्रत्येक बारात दोन ठोके. मिनिटाला १०४ ठोके धरले आणि पुनरावृत्ती घेतली तर ७ मिनिटं ४० सेकंद होतात. खालच्या सगळ्या वेळा याच हिशोबाने दिल्या आहेत. तुमची प्रत ८ मिनिटं २५ सेकंदांची असेल तर प्रत्येक वेळेत दहा टक्के वाढवा. सेकंदाच्या काट्याला चिकटून बसू नका, कंडक्टर मधे जरा ओढतात, जरा सोडतात.

०:०० पहिली थीम
०:३१ जोडभाग
०:५० दुसरी थीम
१:२२ समारोपाचा भाग
१:५५ सगळं पुन्हा पहिल्यापासून
३:५० डेव्हलपमेंट (चालींची मोडतोड)
५:०५ रीकॅपिच्युलेशन (घरी परत)
६:१६ दुसरी थीम परत
७:२० च्या पुढे कोडा (शेवटचं शेपूट)

पायरी पहिली : घरचा सा शोधा

फक्त पहिली वीस सेकंदं ऐका. सुरुवातीला चाल नाहीच. खालची तंतुवाद्यं, त्यांत दोन भागांत विभागलेले व्हायोला, धडधडत साथ सुरू करतात आणि पाऊण बार झाल्यावर व्हायोलिन येतात. त्या काळी सिंफनी सहसा मोठ्या आवाजाने सुरू होई, लोकांनी गप्प बसावं म्हणून. इथे साथ आधी आणि तीही हळू.

आता पांढरी पाच हा सा धरा. चाल अशी आहे:

ध प प, ध प प, ध प प गं
गं रें सां, सां नि ध, ध प म म

यातले ग, ध, नि कोमल आहेत, म्हणजे स्वर आसावरी थाटाचे. पण पुढच्याच वाक्यात (प म म, प म म, प म म रें) चाल उतरताना नि शुद्ध लागतो आणि ध कोमलच राहतो. यात राग शोधत बसू नका. हा शुद्ध नि सा कडे खेचण्यासाठी आहे, आणि पाश्चात्त्य मायनरमध्ये तो गरजेप्रमाणे येतो-जातो.

‘ध प प’ या तुकड्याची लय पाठ करा: लघु, लघु, गुरू. वृत्तांतला सगणच. पुढे स्वर बदलतील, वाद्यं बदलतील, सा बदलेल, पण हा सगण जवळजवळ प्रत्येक वळणावर भेटेल. वीस सेकंदांच्या सुमारास ओबो-बासूनसह आवाज एकदम मोठा होतो आणि वाक्य पांढरी दोनवर, म्हणजे पंचमावर, अडकून थांबतं. इथे रेकॉर्डिंग थांबवा आणि ‘आता कुठे जावंसं वाटतंय’ ते गुणगुणा. पांढरी पाच निघाला तर कान लागला.

पायरी दुसरी : सा हलताना पकडा

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात, म्हणून इथे वेळ द्या.

पहिली चाल पुन्हा सुरू होते, पण तीन-चार बारांतच वेगळीकडे वळते. ०:३१ ला पूर्ण वाद्यवृंद जोरात उसळतो. नवीन चाल, मोठा आवाज, शिवाय मेजर (बिलावलसारखे स्वर), म्हणून ऐकणारा ठरवून टाकतो की हीच दुसरी थीम. ती नव्हे. हा जोडभाग आहे, बार २८ ते ४३. नवी जागा इथे दिसलेली असते, पण ताब्यात आलेली नसते. कशावरून? या भागाला विसावाच नाही. तो सतत पुढे ढकलत राहतो आणि शेवटी पांढरी चारवर येऊन आपटतो.

आपटल्यावर एक अख्खा बार शांतता. बार ४३ मध्ये कुणीच काही वाजवत नाही. सव्वा सेकंदाच्या आसपासची ही शांतता म्हणजे या मूव्हमेंटमधली सर्वांत ठळक खूण. ती सापडली की पुढची चाल दुसरी थीम, यात शंका नको.

आता हार्मोनियम घ्या. सा काळी पाचवर न्या. पांढरी चार हा तिचा पंचम. म्हणजे नव्या सा कडे मोझार्ट पंचमाच्या दारातून आलाय. मूर्च्छना माहीत असणाऱ्यांनी अजून एक गोष्ट करून बघावी: पांढरी पाचचा आसावरी थाट तसाच ठेवून त्याच्या कोमल गंधारापासून, म्हणजे काळी पाचपासून, सप्तक वाजवा. बिलावल मिळतो. मायनरमधली रचना आपल्या ‘रिलेटिव्ह मेजर’ला जाते म्हणतात ती हीच क्रिया. सूर बहुतांशी तेच, आधार बदलला. म्हणून हा बदल ऐकताना धक्का बसत नाही आणि बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

दुसरी थीम हळू आवाजात येते. नवा सा धरला तर ती प, तीव्र म, शुद्ध म अशी अर्ध्या-अर्ध्या स्वराने घसरत सुरू होते. वाक्याचा पहिला तुकडा तंतुवाद्यांकडे, उत्तर वुडविंडकडे. आठ बारांनी तीच चाल परत येते तेव्हा वाटणी उलटी होते, सुरुवात वुडविंड करतात. हेडफोन लागतात ते अशा ठिकाणी.

१:२२ च्या पुढे ‘ध प प’चा सगण हळूच डोकावतो. क्लॅरिनेट आणि बासून तो एकमेकांकडे देत राहतात. पहिली थीम परत आली असं वाटेल. पण सा तपासा, तो अजून काळी पाचवरच आहे. तुकडा जुना, जागा नवी. भाग संपत आल्याचे ठाम ठोके १:५० च्या आसपास ऐकू आले की पुन्हा थांबवा आणि सा गुणगुणा. काळी पाच यायला हवी. पांढरी पाच येत असेल तर तुम्ही अजून सुरुवातीचा सा मनात धरून बसला आहात. ०:४० पासून परत ऐका, आणि या वेळी आधी काही मिनिटं काळी पाचचा सूर कानात घोळवून.

इथवर जे झालं ते एक्स्पोझिशन. पुनरावृत्तीत हे सगळं थांबवल्याशिवाय ऐकायचं.

पायरी तिसरी : डेव्हलपमेंटमध्ये हरवायचं, पण किती ते बघायचं

बार १०१ ते साधारण १६४, फक्त सव्वा मिनिट. वुडविंडचे दोन-चार उतरते सूर येतात आणि पायाखालची जमीन जाते. सा पांढरी पाचवरून काळी तीनवर, म्हणजे फक्त अर्धा स्वर खाली. ऐकताना जवळ वाटतं, पण पाश्चात्त्य हार्मनीत (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या रचनेत) याहून लांबचा प्रवास क्वचितच असतो, कारण दोन्ही सप्तकांत सामाईक सूर फार थोडे. हार्मोनियमवर दोन्ही पट्ट्यांत तीच चाल वाजवून बघा, बोटांनाच अंतर कळेल.

पुढे ४:०६ ला आवाज एकदम मोठा होतो आणि तीच चाल चेलो-डबलबासकडे जाते. वर व्हायोलिन तुटक, जलद सुरांनी भांडल्यासारखी तुटून पडतात. मग अदलाबदल: चाल वर, भांडण खाली. दर थोड्या बारांनी सा पुढे सरकतो, पांढरी तीन, मग पांढरी सहा, मग पांढरी दोन, अशी साखळी. प्रत्येक सा चा नाव-पत्ता शोधत बसलात तर गाडी सुटेल. इथे एवढंच नोंदवा की स्थिर सा मिळत नाही, आणि मिळू नये असंच लिहिलंय.

४:३५ ला पुन्हा शांत. आता चालीचा कापून कापून एकच तुकडा उरलाय, तो सगण, आणि तो व्हायोलिन व वुडविंडमध्ये इकडून तिकडे जातो. वीस बारांची चाल तीन सुरांवर आणून ठेवायची, हे विकासाचं काम. बोलतानमध्ये एकच शब्द घेऊन खेळण्याची आठवण होईल, पण तिथे सा पक्का असतो आणि इथे तोच डळमळीत आहे.

पायरी चौथी : परतीची चोरवाट

रीकॅपिच्युलेशन म्हणजे घरी परत येणं, आणि बऱ्याच सिंफन्यांत ते दणक्यात होतं. इथे नाही. पांढरी दोनचा, म्हणजे घरच्या पंचमाचा, दाब वाढत जातो, जोरात आवाज होतो, मग वुडविंड एकटे अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी खाली घसरतात आणि ती घसरण चालू असतानाच व्हायोलिन मूळ चाल सुरू करून टाकतात. सांधा दिसतच नाही. ‘परत कधी आलं ते कळलंच नाही’ ही तक्रार इथे हमखास येते, आणि तो ऐकणाऱ्याचा दोष नव्हे. ५:०० पासून वीस सेकंदं पाच-सहा वेळा ऐका. फक्त वुडविंडकडे लक्ष दिलंत की व्हायोलिन कधी घुसले ते नेमकं सापडतं.

पुढे एक्स्पोझिशनचीच उजळणी आहे असं समजून लोक सैल सोडतात. तिथेच जोडभाग फुगतो. पहिल्या वेळी तो १६ बारांचा होता, आता त्याच्या दुपटीहून मोठा. कारण साधं आहे. पहिल्या वेळी त्याचं काम सा हलवण्याचं होतं. आता दुसरी थीमही घरच्याच सा वर यायला हवी, म्हणजे जोडभागाला कुठे जायचंच नाही. मोझार्ट मग त्याला आधी मुद्दाम भलतीकडे फिरवून आणतो.

६:१६ ला दुसरी थीम येते, पांढरी पाचवर आणि मायनरमध्ये. चाल तीच, घसरणही तीच, पण मघाचा मऊपणा गेलेला. ०:५० आणि ६:१६ लागोपाठ लावून बघा. या मूव्हमेंटमधून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही तुलना घ्या. सगळ्यांनी असं केलं नाही. बीथोव्हनच्या १८०८ सालच्या पाचव्या सिंफनीत पहिल्या मूव्हमेंटची दुसरी थीम परत येते तेव्हा सा घरचा असतो, पण रूप मेजरच राहतं. मोझार्टने इथे ती सवलत दिली नाही.

शेवटच्या कोडात तंतुवाद्यं एकापाठोपाठ एक पहिल्या चालीचा तुकडा हळूच उचलतात, मग जोरकस ठोक्यांनी संपतं. गुणगुणून बघा, पांढरी पाच.

काही जमत नसेल तर

तंबोरा अॅप चालू ठेवून सबंध मूव्हमेंट ऐकायचा प्रयोग अनेक जण करतात. तो फसतो. पहिल्या थीममध्येही हार्मनी बाराबाराला हलते, त्यामुळे घरच्या सा वर असतानाही घर्षण ऐकू येतं आणि सा हलल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. विसाव्याच्या जागी थांबवायचं आणि मग हार्मोनियम, हाच क्रम ठेवा.

बार मोजताना गोंधळ होत असेल तर सम शोधणं सोडा. इथे आवर्तन नाही. प्रत्येक बारात एक-दोन म्हणा आणि चार बार झाले की बोट मिटा.

मैफलीत थांबवायची सोय नसते. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन होतात. ही सिंफनी किंवा हायडन-बीथोव्हन लागलं तर वुडविंड दिसतील अशी थोडी वरची जागा घ्या, पुढच्या रांगांतून फक्त व्हायोलिनच्या पाठी दिसतात. पहिली मूव्हमेंट संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत, चारही संपेपर्यंत थांबतात.

पुढचं उदाहरण म्हणून हायडनच्या १७९५ सालच्या १०४व्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट घ्या. संथ प्रस्तावना संपून जलद भाग सुरू झाला की पांढरी दोन हा सा धरा. जोडभागानंतर नवी चाल शोधू नका, ती मिळणार नाही. हायडन पहिलीच चाल उचलून पांढरी सहावर बसवतो आणि तिलाच दुसऱ्या थीमच्या जागी वापरतो.